गार इंजिन

करूळ घाटात गाडी बंद पडली तेव्हा गगनबावडा अजून चार-पाच किलोमीटर वर होता. वैभववाडीहून निघताना इंजिन ठीक होतं. चढ लागला, तिसरा गिअर झाला, दुसरा झाला, आणि टाकीखालून बारीक खणखण सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तशी. ॲक्सिलरेटर पिळला की वाढायची, सोडला की थांबायची. मग ताकद गेली आणि दोन-तीनदा फटफट करून इंजिन गप्प झालं. मी वीस मिनिटं किका मारल्या. त्यातली एक उलटी आली आणि घोट्याला असा झटका बसला की डोळ्यांसमोर अंधारी आली. गाडी स्टँडवर लावून कठड्यावर जाऊन बसले. पाऊण तासानं सिलिंडरला हात लावता येईल इतकं इंजिन निवलं, आणि तीच गाडी दुसऱ्या किकला चालू झाली.

गार असली की चालू, तापली की बंद. हे कोडं सोडवायला मला पुढचे सहा रविवार लागले.

गाडी १९९२ची बुलेट ३५०. बाबांनी नवी घेतलेली. तेव्हा कंपनी एनफिल्ड इंडिया होती, आयशरकडे ती १९९४ साली गेली. इंजिन मात्र त्याहून कितीतरी जुन्या घराण्यातलं. इंग्लंडमधल्या रेडिचला आखलेलं, १९५५पासून मद्रासला जुळवलं जाऊ लागलेलं आणि पुढे तिथंच घडवलं गेलेलं. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. सिलिंडर बिडाचा, वर ॲल्युमिनियमचं हेड. पाणी नाही, पंखा नाही. गाडी पळताना सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून, म्हणजे फिन्समधून, जो वारा वाहील तेवढंच त्याचं गारवण. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किल्ली माझ्याकडे आली. देताना ते एवढंच म्हणाले, "विकायची तर वीक, पण उभी करून ठेवू नकोस. उभी गाडी कुजते."

घाटातल्या त्या संध्याकाळच्या आधी दोन महिने मी गाडी एका गॅरेजात दिली होती. पिकअप कमी वाटतो आणि वरून टिकटिक येते, एवढीच तक्रार. तिथल्या माणसानं तासाभरात पिकअप "काढून" दिला आणि टिकटिकही बंद केली. गाडी खरंच चपळ झाली. मी पैसे दिले आणि खूश होऊन घरी आले. इंजिन त्या वेळी चांगलं तापलेलं होतं, मी कोल्हापूरच्या दुपारच्या उन्हात गावभर फिरून तिथं पोचले होते. त्यानं ते निवू दिलं नाही, आणि मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला अण्णा राहतात. चाळीसेक वर्षं उद्यमनगरात बुलेटचं काम केलेले मिस्त्री. आता हात थरथरतात म्हणून काम सोडलंय. मी त्यांच्याकडे गेले ती गाडी दुरुस्त करून घ्यायलाच गेले होते. त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले.

"ह्यानं आता फिलर गेज धरवत न्हाई पोरी. मी सांगतो, तू कर."

"अण्णा, मला पाना धरायचासुद्धा नीट येत नाही."

"धरलास की येतंय. रविवारी पाटं सहाला येतो. शनिवारी सांजच्याला गाडी बंद कर आणि तिला हात लावू नगं. इंजिन रातभर गार पायजे. तापल्या इंजिनावर घेतलेलं माप म्हंजे माप न्हवं."

मग त्यांनी क्रम सांगितला. आधी साफसफाई आणि तेल. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट. मग पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारा स्विच, मग टायमिंग, म्हणजे ती ठिणगी पडायची वेळ. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. "तवर त्याला बोट बी लावायचं न्हाई." मला वाटत होतं, खोट कार्बोरेटरमध्येच असणार. गाडी बिघडली की सगळे आधी तोच स्क्रू फिरवतात, कारण तो बाहेर असतो आणि साध्या स्क्रू ड्रायव्हरनं फिरतो. अण्णांचं म्हणणं असं की कार्बोरेटर बाकी सगळ्यांच्या चुका झाकतो. टायमिंग चुकलं असेल तरी स्क्रू फिरवून गाडी तात्पुरती बरी चालते, व्हॉल्व्ह नीट बसत नसला तरी चालते. मग खरी खोट सापडतच नाही, आणि वर आणखी एक तयार होते.

पहिला रविवार नुसता मळ काढण्यात गेला. ते काम मी आधी फारसं मनावर घेतलं नव्हतं. अण्णांनी बॅटरी लावून सिलिंडरच्या मागची बाजू दाखवली, तेव्हा समजलं. कोकणातली तांबडी माती आणि जुनं तेल यांचा थर फिन्सच्या फटीत इतका घट्ट बसला होता की मागच्या बाजूला फट उरलीच नव्हती. त्यावर कधीतरी कुणी जाड काळा रंग मारलेला. हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला हा थर म्हणजे मे महिन्यात अंगावर घातलेली गोधडी. रॉकेल, जुना ब्रश आणि बांबूची कामटी घेऊन मी एकेक फट मोकळी केली. लोखंडी पेचकस लावू दिला नाही अण्णांनी. फिनचा कोपरा उडतो म्हणाले. दुपारी बाराला मागच्या बाजूनं बघितलं तर फिन्समधून पलीकडची भिंत दिसत होती.

तेल तेवढं आदल्या संध्याकाळी गरम असतानाच काढलं होतं. गरम तेलाबरोबर गाळ निघून येतो. गार नियमाला हा पहिला अपवाद. टायमिंग कव्हरमधला फेल्टचा फिल्टर काढला तर तो डांबरासारखा झालेला. नवा बसवताना अण्णांनी एक गोष्ट तीनदा बजावली: फिल्टरच्या पोकळीत आधी तेल भर, मगच झाकण लाव. या इंजिनात बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, रोलर बेअरिंग नाही, तरंगता बुश आहे. तो तेलाच्या पापुद्र्यावरच जगतो. फिल्टरची पोकळी रिकामी ठेवून किक मारली तर पंप आधी ती पोकळी भरत बसणार आणि तेवढा वेळ बुश कोरडा फिरणार. इंजिन चालू केल्यावर हेडकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट अर्धा आटा सैल करून बघितला. तेलाचा थेंब बोल्टाच्या कडेनं फुगला आणि खाली ओघळला. अण्णांनी मान हलवली. वर तेल पोचतंय.

दुसरा रविवार टॅपेटचा. या गाडीचे टॅपेट हेडवर नाहीत, खाली उजव्या बाजूला एका नटावर बसलेल्या छोट्या झाकणाआड आहेत. प्लग काढला, गाडी मेन स्टँडवर घेऊन टॉप गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक हातानं पुढे फिरवलं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा अंगठ्याला ढकलते, तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पिस्टन वर पोचला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि तेव्हाच माप घ्यायचं. मापाला फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लागत नाही. गार इंजिनावर फट शून्य धरायची: टॅपेटवरून वर व्हॉल्व्हकडे जाणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, दोन बोटांच्या चिमटीत सहज गोल फिरला पाहिजे, पण वरखाली अजिबात हलता कामा नये.

इनलेटचा पुशरॉड फिरत होता. एक्झॉस्टचा फिरेचना. मी जोर लावला तरी नाही.

"हे बघ. टिकटिक बंद केली त्यानं. अशी केली," अण्णा म्हणाले.

म्हणजे झालं असं. टिकटिक जावी म्हणून एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट केला होता, आणि तोही तापलेल्या इंजिनावर. पुशरॉड घट्ट असला की व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण टेकत नाही, केसाएवढा उघडा राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगावरून जळता गॅस जातो आणि त्याची बरीचशी उष्णता बाहेर पडते ती सीटला टेकल्यावर, सीटमधून हेडमध्ये आणि तिथून फिन्समध्ये. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठं? शिवाय त्या फटीतून कॉम्प्रेशन निसटतं. घाटातली ताकद इथून गेली होती. आणखी हजारभर किलोमीटर तशीच चालवली असती तर व्हॉल्व्हची कड जळाली असती, असं अण्णा म्हणाले, आणि पुढचं वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय: "टॅपेट वाजला तर सांगतो, घट्ट बसला तर खातो."

लावायला तीन पाने लागतात. एकानं खालचा टॅपेट धरायचा, दुसऱ्यानं चेकनट ढिला करायचा, तिसऱ्यानं वरची वाटी फिरवायची. हात दोनच असतात. पहिल्या चार वेळा मी माप बरोबर आणलं आणि चेकनट आवळताना ते हललं. पाचव्यांदा मुद्दाम किंचित सैल ठेवून आवळलं, तेव्हा नट बसता बसता पुशरॉड हवा तसा आला. मग चाक फिरवून पुन्हा कॉम्प्रेशनवर आणून पाहिलं. पुन्हा घट्ट. पहिल्यांदा पिस्टन नीट वर आलेलाच नव्हता. परत पहिल्यापासून. साडेनऊ वाजले तेव्हा दोन्ही पुशरॉड बोटांत गोल फिरत होते. अण्णा तोवर पायरीवर बसून चहा पीत होते. मदतीला एकदाही उठले नाहीत, आणि ते मला फार बरं वाटलं.

पॉइंट उघडले तिसऱ्या रविवारी. झाकण काढून भिंगातून पाहिलं तर एका पॉइंटवर बारीक टेकाड आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा. एकाचा धातू उडून दुसऱ्यावर जाऊन बसला होता. हे लक्षण कंडेन्सरचं. पॉइंट उघडताना तिथं ठिणगी पडू नये म्हणून कंडेन्सर असतो. तो कमजोर झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवर पडते. आणि कंडेन्सरची खोड अशी की गार असताना तो धड चालतो आणि तापला की दगा देतो. गार चालू, तापली की बंद! मला वाटलं, सापडलं. गाडी आत्ताच बंद करून कंडेन्सर आणायला पळावं. अण्णा म्हणाले, "बस खाली. एकच चोर आसंल आसं कुणी सांगितलं?"

त्यांनी पॉइंटची प्लेट काढायला लावली. तिच्याखाली ऑटो ॲडव्हान्स असतो, दोन छोटी वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी थोडी लवकर पडते. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. माझ्या गाडीतली वजनं सुकलेल्या ग्रीसमध्ये फाकलेल्या अवस्थेतच चिकटून बसली होती. एक स्प्रिंग ताणून लांबलेली. म्हणजे किक मारतानासुद्धा ठिणगी लवकर पडत होती, पिस्टन अजून वर चढत असताना. उलटी किक त्यामुळे. आणि घाटातली खणखणही त्यामुळेच. चढावर ओझं असताना वेळेआधी पेटलेला गॅस वर येणाऱ्या पिस्टनला उलट दाबतो आणि ती सगळी उष्णता हेडमध्ये जाते.

वजनं रॉकेलमध्ये धुतली, पिनांना एकेक थेंब तेल दिलं, स्प्रिंगांची जोडी नवी टाकली, पॉइंटही नवे. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ती आधी लावायची, टायमिंग नंतर. कारण फट बदलली की पॉइंट उघडायची वेळही बदलते. हे उलट क्रमानं करणारे पुष्कळ पाहिलेत, असं अण्णा म्हणाले.

टायमिंगला चौथा रविवार पूर्ण गेला. वजनं आत असताना, पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला हवेत. ऐकायला सोपं. पण वरच्या टोकाजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो, त्याला जोडलेला क्रँक मात्र फिरत असतो. ते ०.८ मिलिमीटर म्हणजे क्रँकचे साधारण दहा अंश. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की तीन-चार अंशांची चूक. आणि हे मोजायचं कशानं, तर प्लगच्या भोकातून आत सोडलेल्या सायकलच्या चाकाच्या तारेनं. भोक तिरकं असल्यानं तारही तिरकी जाते. अण्णांनी तो तिरकेपणा धरून कानसेनं तारेवर दोन खुणा केलेल्या होत्या, कधीकाळी. ती तार त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीत जपून ठेवली होती.

पॉइंट कधी उघडतात ते बघायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद. तो पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढत राहायचा आणि चाक इंच इंच पुढे न्यायचं. कागद सुटला की पॉइंट उघडले. जोडीला किल्ली चालू ठेवली तर हेडलाइटच्या वरचा अँपिअरचा काटाही त्याच क्षणी मध्यावर येतो. आधीचं टायमिंग मी वजनं धुण्यापूर्वी असंच मोजलं होतं: जवळपास अडीच मिलिमीटर. आता प्लेट सरकवून ०.८वर आणलं, स्क्रू आवळले, परत मोजलं, दीड आलं. परत लावलं, परत मोजलं, अर्धा आलं. दर वेळी वेगळं. मी रडकुंडीला आले.

अण्णांनी विचारलं, "चाक मागं न्हेतीस न्हवं?"

नेत होते. खूण ओलांडली की मी चाक थोडं मागं फिरवून खुणेवर आणत होते. टायमिंगच्या गिअरांच्या दातांमध्ये जी सुटी जागा असते ती मागं फिरवताना दुसऱ्या बाजूला जाते आणि माप खोटं येतं. खूण चुकली तर चाक भरपूर मागं न्यायचं आणि पुन्हा पुढे आणत यायचं. नेहमी पुढच्याच दिशेनं. एवढं पाळलं आणि सलग तीनदा एकच माप आलं.

त्याच दिवशी अण्णांनी मला किक मारायला शिकवली. तीन वर्षं मी ती चुकीची मारत होते, म्हणजे पायाच्या जोरावर. माझं वजन ५२ किलो. या इंजिनाच्या कॉम्प्रेशनवर नुसता पाय दाबून काही होत नाही. किल्ली चालू करायची आणि किक हळूहळू दाबत जायची. अँपिअरचा काटा डावीकडे झुकलेला असतो. तो मध्यावर आला की पॉइंट उघडलेत, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याजवळ आहे. दोन फेऱ्यांत हा क्षण एकदाच येतो. तिथं थांबायचं, दाबलेली हवा सोडणारा डीकॉम्प्रेशनचा दांडा ओढायचा, किक अगदी थोडी पुढे न्यायची, म्हणजे पिस्टन माथा ओलांडतो. दांडा सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचं सगळं वजन टाकून एकच लांब किक, शेवटपर्यंत. अर्धी सोडायची नाही. मी डोळे मिटून वजन टाकलं. इंजिन पहिल्या किकला चालू झालं. बाबा आतल्या खोलीतून ओरडले, "कोण आलंय?" त्यांना वाटलं दुसऱ्याच कुणाची बुलेट आली.

नवा कंडेन्सर बसवून मी कळ्यापर्यंत गेले. खणखण गेली होती, चढावर गाडी एका लयीत ओढत होती. परत येताना बालिंग्याच्या अलीकडे मिसफायर सुरू झालं आणि इंजिन बंद. निवल्यावर चालू. पुन्हा तेच. नव्या कंडेन्सरवर माझा संशयही गेला नव्हता; नवा म्हणजे चांगला, असंच डोक्यात. संध्याकाळी अंधार पडल्यावर अण्णांनी गरम इंजिन चालू ठेवून पॉइंटचं झाकण काढायला लावलं. पॉइंटमध्ये निळसर पांढरी ठिणगी सारखी चमकत होती, लांबूनही दिसेल अशी. नवा भागच खराब होता. अण्णांनी घरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. त्यात जुन्या बनावटीचे पाच-सहा कंडेन्सर कागदात गुंडाळलेले. त्यातला एक लावला. चमक जवळजवळ गेली, नीट बघितली तरच दिसेल एवढी बारीक राहिली. पैसे विचारले तर म्हणाले, "डबा तुझ्याकडंच ठेव. माझ्याकडं गाडी कुठाय?"

कार्बोरेटर अखेर पाचव्या रविवारी हाती आला. मिककार्ब, २४ मिलिमीटरचा. इतके दिवस ज्याच्यावर माझा सगळा राग होता त्यात फारसं काही नव्हतंच. फ्लोटचा वाडगा धुतला, जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या, आतून फुंकर मारून पाहिली. एक खरी खोट निघाली ती हेडला जोडणाऱ्या तोंडाची. दोन्ही नट वर्षानुवर्षं जास्त आवळल्यानं ते मधून वाकलं होतं आणि कडेनं हवा ओढत होतं. आरशाच्या काचेवर पॉलिश पेपर पसरून मी ते तोंड आठाच्या आकड्यासारखं घासत बसले, दीड तास, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. पुन्हा बसवून इंजिन चालू केलं आणि सांध्यावर सिरिंजनं पाण्याचे थेंब सोडले. ठोका बदलला नाही, म्हणजे हवा बंद झाली.

हवेचा स्क्रू पूर्ण आत आणि मग दीड आटा बाहेर, ही सुरुवात. या कार्बोरेटरवर स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते, पेट्रोल नव्हे. तिथून पाव-पाव आटा फिरवत, ठोका सगळ्यात भरीव ऐकू येईल तिथं थांबायचं. हे तेवढं इंजिन तापवून करायचं, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणल्यावर. सुईची क्लिप मी एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर आली आणि मिश्रण थोडं दाट झालं. कारण पेट्रोल आता १९९२चं राहिलेलं नाही. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आता सगळीकडे आहे, आणि इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यानं तेच जेट ठेवले तर मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रण इंजिन तापवतं. इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं, त्याच्याशी माझं वैर नाही. पण जुन्या बुलेटवाल्यानं पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधली रबरं बदलून घ्यावीत आणि गाडी महिनोन् महिने टाकी भरून उभी ठेवू नये, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. ते पाणी ओढतं, आणि टाकी आतून गंजते. माझी जुनी नळी बोटानं दाबली तर तिला चिरा पडल्या.

प्लग काढून पाहिला. महिन्यापूर्वी तो चुन्यासारखा पांढरा होता. आता भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा फिकट तांबूस.

सहाव्या रविवारी मी पुन्हा करूळ घाटात गेले. एकटीच. सकाळी सातला निघाले, असळजला चहा घेतला, घाट उतरून वैभववाडीला पोचले आणि मुद्दाम ऊन चढू दिलं. बाराला चढायला सुरुवात केली. तिसरा गिअर, दुसरा, पुन्हा तिसरा. मी सगळा वेळ त्या खणखणीची वाट पाहत होते. कान दुखेपर्यंत ऐकलं. नुसता ठोका येत होता, संथ, मोजता येईल असा. गेल्या वेळी जिथं बसले होते त्या कठड्यापाशी थांबले आणि इंजिन बंद केलं.

खरी परीक्षा तिथं होती. हवेवर गार होणारं इंजिन पळताना जितकं तापतं त्याहून त्याच्या भोवतीचे भाग थांबल्यावर जास्त तापतात, कारण वारा बंद होतो आणि हेडमधली उष्णता आजूबाजूला पसरते. कंडेन्सर खराब असेल तर तो याच दहा मिनिटांत बोलतो. मी घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. फिन्स निवताना टिक टिक वाजत होत्या. दरीतून धुकं वर येत होतं, गगनगडाचा माथा दिसेनासा झाला.

किल्ली फिरवली. किक हळूहळू दाबली. काटा डावीकडे होता, मग मध्यावर आला. दांडा ओढला, थोडं पुढे नेलं, सोडला. घोट्याला मागचा झटका आठवत होता. वजन टाकलं.

पहिल्या किकला फक्त एक फुसकारा आला. काटा पुन्हा मध्यावर आणला आणि दुसऱ्यांदा वजन टाकलं. इंजिन चालू झालं.

घरी पोचायला तीन वाजले. अण्णा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते, लांबून ठोका ऐकून बाहेर आलेले. मी हेल्मेट काढायच्या आत ते वाकून फिन्सच्या मागच्या बाजूला बघत होते.

"कोकणाची माती परत आणलीस व्हय," म्हणाले. मग हात न लावता तळवा सिलिंडरपासून वीतभर अंतरावर धरला, थोडा वेळ. "बरी हाय. आता रातभर हात लावू नगं. सकाळी टॅपेट बघू, नव्यानं लावल्यात, बसलं असतील."